लोरिस, कंदीलपुष्प आणि दोन साडू

खोली भाड्याने देण्याआधी सरांनी मला एकच प्रश्न विचारला. लग्न झालंय का, पगार किती, मांसमच्छी खाता का, यातलं काहीही नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "घाबरल्यावर तुमी काय करता?"

मी अमरावतीत नवी होते. नोकरी अकोल्याला, एका विमा कचेरीत. पण मावशी अमरावतीत राहते म्हणून राहायचं अमरावतीतच, असा घरच्यांचा हट्ट. म्हणजे रोज बडनेऱ्याहून गाडी धरा आणि संध्याकाळी परत या. खोल्या पाहून पाहून पाय दुखत होते, त्यामुळे खरं तेच तोंडातून निघालं. म्हटलं, "आईला फोन करते."

सर विचारात पडले. "लोरिस घाबरला का जागच्या जागी थिजते. कंदीलपुष्प जमिनीत जाते. फोन दोघायपैकी कोणीच नाई करत." मग आत वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का? ही पोरगी तिसराच प्रकार आहे. देऊन टाकू खोली."

आतून काकू म्हणाल्या, "तिले पाण्याचा टाइम सांगा आधी."

मला तेव्हा लोरिसही माहीत नव्हता आणि कंदीलपुष्पही. त्या घरातून बाहेर पडले तेव्हा मात्र मला दुसरं काही माहीतच उरलं नव्हतं. लोरिस हे माकडाच्या गोतावळ्यातलं एक पिटुकलं जनावर. काडीसारखे हातपाय, शेपूट नाही, आणि तोंड कमी, डोळेच जास्त. दक्षिणेकडच्या जंगलात राहतं, अंधार पडल्यावर निघतं आणि इतकं सावकाश चालतं की पाहणाऱ्याला जांभई यावी. त्याचे डोळे करणीला लागतात असं समजून लोक त्याला धरतात, आणि त्यातून जो वाचतो त्याचं जंगल तोडतात. कंदीलपुष्प ही पावसाळ्यात उगवणारी बारीकशी वेल. फूल बोटभर, हुबेहूब जुन्या कंदिलाच्या घाटाचं. जमिनीखाली तिचा बटाट्यासारखा गड्डा असतो, तो गुराखी उकरून खातात. आणि जिथे गुराखी जात नाहीत तिथे रस्ता रुंद करणारं यंत्र जातं.

दोघंही संपत चालले आहेत. सरांचा आयुष्यभराचा प्रश्न एवढाच की, जास्त कोण?

गंमत म्हणजे सर प्राणिशास्त्राचे. कॉलेजात तेच शिकवून निवृत्त झाले. साहजिकच कोणालाही वाटेल की ते लोरिसची बाजू घेत असतील. पण नाही. सरांचं ठाम मत, की कंदीलपुष्पाची अवस्था लोरिसपेक्षा कितीतरी वाईट आहे. "लोरिसले डोये आहेत," ते सांगत. "डोये पाहिले का माणसाले दया येते. फोटो काढते, पोस्टर लावते. या बिचाऱ्या वेलीले डोये नाईत. समोर असली तरी मानूस तिले गवत समजून तिच्यावर डबा उघडून बसते."

हे ते कोणालाही सांगत. भाजीवालीला सांगत. आमच्या गल्लीत रोज सकाळी हातगाडी घेऊन येणाऱ्या माळीणबाई होत्या, त्यांनी एकदा गाडीची दांडी खाली टेकवून विचारलं, "सर, तुमाले सांबार पाह्यजे का लोरिस सांगाचा आहे? सांबार पाच रुपये जुडी. लोरिस उद्या सांगा." आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सरांनी जुडी घेतली आणि लोरिसही सांगितला. पुढे पुढे त्या बाई लोरिसचं विचारूनच भाजी मोजायला घेत, म्हणजे सर सांगत असेपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकांचं आटोपायचं.

शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ गेले, तेव्हाची शोकसभा मला विसरता येणार नाही. लोक नेहमीचं बोलत होते, दिलदार होते, अजातशत्रू होते, पोकळी भरून निघणार नाही. मग सर उभे राहिले. काकूंनी खालून त्यांचं धोतर नाही, पँटच ओढली, पण ते बोललेच. "गेले ते गृहस्थ लोरिस होते," एवढं म्हणून बसले. सभेत कुजबुज झाली. मुलाचा चेहरा लाल. मला वाटलं, आता मार खातात. पण त्या गृहस्थांच्या पत्नी सभा संपल्यावर सरांजवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, लोरिस म्हणजे काय. सरांनी सांगितलं, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पाऊल वाजत नाही. घाई करत नाही. कोणी रागावलं तर तिथेच स्तब्ध होतं आणि नुसतं मोठ्या डोळ्यांनी पाहत राहतं. त्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "हाव जी. असेच होते ते." मला सर पहिल्यांदा आवडले ते तेव्हा. तोवर मी खोली बदलायचा विचार करत होते.

खोली बदलायचं कारण चिलटं. सरांच्या गच्चीवर कंदीलपुष्पाची एक कुंडी होती. त्या फुलाच्या नळीत आतल्या बाजूने बारीक केस असतात. चिलट वासाने आत शिरतं आणि अडकतं. दुसऱ्या दिवशी केस सुकले की अंगाला पराग चिकटवून बाहेर पडतं आणि दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा फसतं. झाडाचा सगळा संसार त्या मूर्ख चिलटावर. म्हणून आमच्या घरात मच्छर अगरबत्ती नाही, फवारा नाही, बॅटही नाही. उलट गच्चीवर केळीच्या साली कुजत टाकलेल्या. मी अख्खा पावसाळा गाल खाजवत कचेरीत जायचे. साहेबांनी एकदा काळजीनं विचारलं, अंगावर काही उठलं आहे का. मी म्हटलं, घरमालक.

पावसाळा संपला की वेल सुकून जायची आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत कुंडीत नुसती माती. सर तरी रोज सकाळी गच्चीवर जाऊन त्या मातीशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत. नव्या माणसाला वाटे, यांना माती आवडते. गॅसवाल्याला तर खात्रीच होती की कुंडीत काहीतरी पुरलंय.

आता दुसऱ्या साडूकडे येते, कारण त्याच्याशिवाय सर अर्धेच.

काकूंची धाकटी बहीण अकोल्याला दिलेली. तिचे यजमान वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे सर आणि ते एकमेकांचे साडू. आणि हे साडूभाऊ झाडांचे अभ्यासक असून त्यांचं ठाम मत, की कंदीलपुष्पाचं काही विशेष नाही, खरा संकटात आहे तो लोरिस. दोघंही आपापला विषय सोडून दुसऱ्याच्या विषयासाठी भांडत. मला हे कोडं बरेच दिवस उलगडलं नव्हतं. शेवटी काकूंनी स्वयंपाकघरात शेंगा निवडता निवडता उलगडून दिलं.

"मानापायी झालं वं बाई सारं," त्या म्हणाल्या.

लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोन्ही जोडपी मिळून चिखलदऱ्याला गेली होती. घाटात रस्त्याचं काम चाललं होतं. यंत्राने डोंगराची कड उकरलेली, आणि त्या ढिगाऱ्यात दोघांना कंदीलपुष्पाचे दोन गड्डे उघडे पडलेले दिसले. एक मोठा, एक लहान. दोघंही नवे जावई, दोघांच्याही अंगात सासुरवाडीचं वळण. सर म्हणाले, मोठा तुम्ही घ्या, तुमचा विषय आहे. साडूभाऊ म्हणाले, छे, तुम्ही मोठे जावई, मोठा तुमचा. हे म्हणाले, आधी तुमी. ते म्हणाले, आधी तुमी. मग सौजन्यानं सर म्हणाले, की तुमचं झाड आमच्या लोरिसपेक्षा जास्त दुर्मीळ आहे, तुम्हालाच मोठा हवा. साडूभाऊंनी सौजन्यानं उत्तर दिलं, की असं कसं, तुमच्या लोरिसपुढे आमचं झाड काहीच नाही. परतवाड्यापर्यंत सौजन्य चालू राहिलं. अंजनगावला, म्हणजे काकूंच्या माहेरी पोचेपर्यंत दोघांचे आवाज चढले होते. सासऱ्यांनी विचारलं काय झालं, तर दोघंही एकदम म्हणाले, "हे माझं ऐकूनच नाई घेत."

त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मोठा गड्डा अकोल्याला गेला की अमरावतीला आला हेही काकूंना आठवत नव्हतं. बहिणी रोज फोनवर बोलत, लग्नाकार्यात चौघं एका पंगतीला बसत. पण एक साडू बोलायला लागला की दुसरा पाण्याच्या ग्लासाकडे पाहत बसे. आग्रहातून सुरू झालेलं भांडण मिटत नाही, कारण त्यात चूक कोणाचीच नसते.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण त्या वर्षी पाऊस फार झाला. सरांनी श्रावणात कुंडीची माती हळूच बाजूला केली आणि ते खाली जिन्यात येऊन बसले. गड्डा एका बाजूने सडला होता. त्यांनी मला बोलावून बोटाने दाबून दाखवला. लिबलिबीत लागला. वेलीवर मात्र कळ्या भरपूर होत्या.

"मरताना फुलून राहिली," सर म्हणाले. "पुढच्या साली हे नाई. यंदा बी धरलं तं धरलं, नाई तं संपलं."

मी म्हटलं, फुलं आहेत, चिलटं तर देवाच्या दयेने आहेतच, मग बी धरेल की. सरांनी मान हलवली. एका वेलीचे पराग त्याच वेलीच्या फुलाला चालत नाहीत. "एका घरात सोयरीक होत नाई," ते म्हणाले. दुसरी वेल हवी. फुलं यायच्या त्याच दिवसांत, कुंडीला कुंडी लावून. आणि दुसरी वेल आमच्या माहितीत फक्त एकाच माणसाकडे होती.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना मूलबाळ नव्हतं हे मी तोवर कधी मनात आणलं नव्हतं. त्या जिन्यात बसलेल्या माणसाकडे पाहून ते आलं.

मी रोज अकोल्याला जाते, तेव्हा निरोप मीच नेला. साडूभाऊंचं घर माझ्या कचेरीपासून जवळ. ते सरांच्या अगदी उलट, उंच, इस्त्रीचे कपडे, दाराशीच पायपुसणं झटकणारे. मी भीत भीत सांगितलं की सरांची वेल जाते आहे, बी धरायला दुसऱ्या वेलीशी सोयरीक हवी. ते ताडकन उठले, मला मागच्या अंगणात घेऊन गेले आणि एका कुंडीसमोर उभं केलं. त्यांच्या वेलीवरही कळ्या धरल्या होत्या.

"त्यायले सांगा," ते म्हणाले, "सोयरीक कबूल आहे. आमी मुलीकडचे. मान त्यायचा. ते म्हणतील तसं."

मी आनंदाने बडनेऱ्याला उतरले, धावत घरी आले, निरोप सांगितला. सरांचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला. "ते मुलीकडचे काहून? आमी मुलीकडचे. आमची गरज आहे. मान त्यायचा. सांगा त्यायले."

तुम्हाला ठाऊकच असेल, आमच्या वऱ्हाडात लग्न मोडतं ते दोन्हीकडच्यांना मुलाकडचा मान हवा असतो म्हणून. इथे दोघांनाही मुलीकडचं व्हायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी अकोल्याला निरोप नेला, तिकडून उलटा निरोप आणला, परत नेला. गाडीतल्या नेहमीच्या बायकांना वाटलं, माझंच जमतंय. त्यांनी मला विचारलंही, मुलगा काय करतो. मी सांगितलं, वेल आहे. पुढे मला कोणी काही विचारलं नाही.

इकडे कळ्या उमलायला लागल्या. फूल फार दिवस टिकत नाही. सर गच्चीवर उभे राहून एकेक फूल गळताना पाहत आणि खाली येऊन म्हणत, "काय म्हणतात ते?" मी म्हणे, ते म्हणतात मान तुमचा. सर हताश होऊन म्हणत, "किती आडमुठा मानूस आहे!"

एका रविवारी सकाळी सरांनी कुंडी पिशवीत घातली, नवा सदरा चढवला आणि म्हणाले, "चाल बाई. हरलो मी. मुलगी घेऊन त्यायच्या दारात जाऊन उभा राह्यतो. मंग तं ते मुलाकडचे होतीनच." काकूंना ते सांगून निघाले नाहीत, त्या देवळात होत्या. आम्ही बडनेऱ्याला गाडीत बसलो. सरांनी कुंडी मांडीवर घेतली आणि वेलीभोवती उपरणं धरलं, वारा लागू नये म्हणून. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट आहे का?" सर म्हणाले, "हाव."

गाडी सुटून थोडा वेळ झाला तोच माझा फोन वाजला. काकू होत्या. "कुठी आहे तुमी? घरात हे नाईत अन् गच्चीवर कुंडी नाई! अवं, धाकटीचा फोन आला. भाऊजी त्यायची कुंडी घेऊन इकडं निघाले. मुलगी आणून राह्यले म्हणतात आमच्या दारात!"

म्हणजे दोघंही हरायला निघाले होते, आणि दोघांच्या गाड्या एकमेकींच्या दिशेने धावत होत्या.

दोन्ही बहिणींनी फोनाफोनी करून ठरवलं, वाटेत मध्ये मूर्तिजापूरला उतरा. आम्ही उतरलो. समोरच्या फलाटावर साडूभाऊ उभे होते, इस्त्रीचा सदरा, कडेवर कुंडी. दोघांनी एकमेकांना पाहिलं. सरांनी हाताने खूण केली, तुम्ही थांबा, मी येतो. त्यांनी खूण केली, तुम्ही थांबा, मी येतो. दोघंही पुलाचे जिने चढायला लागले आणि पुलाच्या बरोब्बर मध्ये समोरासमोर आले. तिथे मात्र दोघं थांबले. बोलायचं नाही हे तर ठरलेलं. मग सरांनी साडूभाऊंच्या कुंडीला वाकून नमस्कार केला. साडूभाऊंनी सरांच्या कुंडीला. मागून लोकांची रांग लागली. एक समोसेवाला टोपली डोक्यावर घेऊन ओरडला, "अहो काका, पाया पडाचं असन तं खाली पडा ना, गाडी चालली आमची!"

मी फोन स्पीकरवर धरला. काकूंनी निवाडा दिला, आणि त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा राग ऐकला. "दोन्ही कुंड्या अमरावतीले आना. अन् भाऊजी, तुमी मुलीकडचे ना? मंग मुलीले एकटीले नका पाठवू. पाठराखीण म्हणून तुमी या."

नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिला करमावं म्हणून माहेरची एखादी मुलगी काही दिवस तिच्यासोबत राहायला जाते, ती पाठराखीण. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने पाठराखीण म्हणून जावं असं कुठेच नाही. पण साडूभाऊंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू. पाठराखीण मुलीकडचीच असते. सर मात्र बडनेरा येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले. त्यांना मुलाकडचा मान मिळाला होता, आणि तो अपमान त्यांना गिळवत नव्हता.

कुंड्या गच्चीवर एकमेकींना खेटून ठेवल्या गेल्या. त्यांच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. दोघं दिवसभर तिथे बसत, चिलटं मोजल्यासारखी पाहत, आणि बोलत ते माझ्यामार्फत. मी कचेरीतून थकून आले की जिन्यातच साडूभाऊंची हाक यायची. "बाई, त्यायले सांगा, लोरिसवर उजेड पाडला तं तो पळत सुद्धा नाई. हलतच नाई. असं जनावर वाचन कसं?" आणि पलीकडून सर, "बाई, त्यायले सांगा, तो हलत नाई, पण हलू तं शकते ना. वेल हलू शकत नाई." दोघांच्या मध्ये हातभर अंतर. मी मध्ये उभी राहून शब्दशः पुन्हा म्हणायचे. एकदा कंटाळून मी उलटसुलट सांगितलं, तर दोघंही माझ्यावर चिडले, अगदी एका सुरात.

काकू पाठराखिणीचं सगळं रीतसर करत होत्या. रोज गोडाधोडाचं. निघताना टॉवेल-टोपी दिली. साडूभाऊंनी ती डोक्यावर घालूनच अकोल्याची गाडी धरली. त्यांची कुंडी मात्र इथेच राहिली. नांदायला आलेली होती ती.

आणि एके सकाळी सर माझ्या दारावर थापा मारत आले. अंगात बनियन, एका पायात चप्पल. "धरलं! धरलं!" एवढंच. सडक्या गड्ड्याच्या वेलीवर, एका गळून गेलेल्या फुलाच्या जागी, सुईसारख्या दोन बारीक शेंगा आल्या होत्या, शिंगांसारख्या जोडीने. बाकी कुठेच काही नाही, साडूभाऊंच्या वेलीवरही नाही. एवढ्या खटाटोपातून ही एकच जोडी. मी कचेरीला दांडी मारली. माळीणबाईंनी त्या दिवशी सांबार फुकट दिला.

शेंगा पिकायला दिवाळी उलटली. वेल पिवळी पडत गेली, गड्डा तर पार गेलाच होता, पण शेंगा तेवढ्या टिकल्या. पिकलेली शेंग आपोआप फुटते आणि आतल्या बियांना रेशमासारख्या कापसाचे तुरे असतात, वाऱ्यावर उडतात. म्हणून सरांनी त्यांना मलमलची पिशवी बांधून ठेवली होती. रंग पुरता बदलला तेव्हा अकोल्याहून पाठराखिणीला बोलावलं गेलं. शेंग तोडायचा मान कोणाचा, हा प्रश्न मला दिसत होता. त्या दोघांना दिसत नव्हता.

उन्हं छान पडली होती. साडूभाऊ टोपी घालून आले. सरांनी पिशवी सोडली. शेंगा टम्म, तपकिरी झालेल्या. सरांनी कात्री पुढे केली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलले.

"साडूभाऊ, आधी तुमी."

साडूभाऊंचे ओठ थरथरले. मला वाटलं, आता हे रडतात. पण त्यांनी कात्री हाताने मागे सारली. "अहो, असं कसं! आधी तुमी. वेल तुमची."

"पराग तुमचे. तुमीच."

"तुमी मोठे आहा."

"तुमचं झाड आहे साडूभाऊ. आमच्या लोरिसचं पिल्लू तं मायच्या पोटाले चिकटून राह्यते. याचं लेकरू जन्मताच वाऱ्यावर. किती संकट आहे पाहा न! तुमचाच मान."

"वाऱ्यावर, पण शेंगभर! तुमच्या लोरिसले एका खेपेले एक, फार तं दोन. खरं संकट तं..."

"पिशवी बांधा!" मी ओरडले. "आधी पिशवी बांधा!"

कोणी ऐकलं नाही. कात्री या हातातून त्या हातात जात होती, आणि तेवढ्यात, काहीही आवाज न होता, एक शेंग उलली. आतून पांढरा शुभ्र कापूस बाहेर आला, क्षणभर तिथेच फुलून राहिला आणि एक झुळूक आली. एक एक बी उठलं आणि गच्चीच्या कठड्यावरून निघालं. शेजारच्या टाकीवरून, विजेच्या तारांवरून, रस्त्यापलीकडच्या मंगल कार्यालयाच्या पत्र्यांकडे. मी धावले, हवेत हात मारले, हाती काही लागलं नाही. इतक्या वर्षांच्या त्या मूर्ख सौजन्याचा मला असा संताप आला की, दोघांनाही गच्चीवरून ढकलावंसं वाटलं.

मग मागे वळून पाहिलं. दुसरी शेंग टोकाला चिरत होती.

सरांनी कात्री टाकून दिली आणि शेंगेवर झडप घातली, दोन्ही हातांनी, देठासकट मुठीत धरली. त्याच क्षणी साडूभाऊंनी त्यांच्या मुठीवर आपले दोन्ही हात घट्ट दाबले. कोणी कोणाला विचारलं नाही. दोघंही गुडघ्यांवर कुंडीपाशी वाकलेले, टोपी मातीत पडलेली, श्वास रोखलेला.

"अबे, दाबू नको!" सर खेकसले.

"मी कुठी दाबून राह्यलो बे? तूच हालून राह्यला!"

"सोडू नको मंग."

"नाई सोडत. तू सोडू नको."

आवाज ऐकून काकू वर आल्या. त्यांनी एक नजर टाकली, खाली गेल्या आणि उशीची खोळ घेऊन आल्या. चारही हात खोळीत घातले, मनगटांपाशी नाडीने बांधले. आता मूठ उघडली तरी बी जाणार नव्हतं. तसं दोघांना सांगितलं. पण दोघंही उघडेनात. आतमध्ये काहीतरी मऊ उमलत होतं, ते त्यांच्या बोटांना कळत होतं, आणि ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले होते.

काकूंनी चहा आणला. हात तर मोकळे नव्हते. म्हणून त्यांनी बशीत ओतून, फुंकर घालून दोघांनाही पाजला, आणि आधी कोणाला पाजायचा हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.